कपाटाची किल्ली तेवढी द्या साहेब

माननीय शिक्षणमंत्री महोदय, कर्नाटक राज्य, यांना,
सप्रेम नमस्कार वि.वि.

मी खानापूर तालुक्यातला, बेळगावात उद्यमबागेच्या कारखान्यात सीएनसी मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणारं लेथ, चालवतो. थोरली पोरगी आठवीला, सरकारी मराठी शाळेत. शाळेच्या एसडीएमसीवर (पालकांची देखरेख समिती) पण आहे, म्हणजे मीटिंगला चहा प्यायचा आणि दाखवतील तिथं सही करायची. तुमचा वेळ घेतोय त्याबद्दल माफी असावी, पण गेल्या गुरुवारपास्नं झोप लागंना झालीय म्हणून लिहितोय.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेत रोबोटिक्सचा बॉक्स आला. आला म्हणजे वाजतगाजत आला, भला मोठा फ्लेक्स, त्यावर तुमचा फोटो आणि खाली आणखी अकरा जणांचे, नारळ, हार, पोरं दोन तास उन्हात. एक साहेब माइकवर म्हणाले पुढच्या महिन्यात ट्रेनर येणार, तुमची पोरं स्वतः रोबो बांधणार, प्रोग्रॅम लिहिणार. टाळ्या मी पण वाजवल्या, खोटं कशाला बोलू. साहेब जीपमधनं गेले, बॉक्स कपाटात गेला, कपाटाला कुलूप बसलं. ट्रेनर अजून वाटेतच असणार, आमच्याकडचे रस्ते तुम्हाला माहीतच आहेत.

हेडमास्तरांना विचारलं तर म्हणाले, "डेड स्टॉक रजिस्टरला एंट्री हाय हो, एक मोटार जळली तर वसुली माझ्याकडनं." त्यांचं पण बरोबर आहे, ऑडिटवाला येऊन बॉक्स मोजतो, पोरांना काय येतं ते मोजत नाही. नावच बघा की, डेड स्टॉक.

मग पोरीनं घरीच रोबो गाडी बांधायला सुरू केलं. आर्डुइनोचा लोकल बोर्ड (प्रोग्रॅम टाकता येतो असलं छोटं सर्किट) ३५०, मोटार ड्रायव्हर १५०, दोन मोटारी चाकांसकट १६०, दोन आयआर (अवरक्त किरणांचे) सेन्सर ८०, बॅटऱ्या २००, सगळा हिशेब तिनं वहीत मांडून ठेवलाय, ९४० रुपये. पत्रा मी कंपनीच्या स्क्रॅपातनं आणला (मालकाला विचारून), पुढचं चाक म्हणून रोल-ऑन डिओची गोळी बसवली. आधी ती चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी लावली होती, तर मोटार फिरायला लागली की बोर्ड बंद पडून परत चालू, परत बंद, तीन रात्री त्यातच गेल्या. शेवटी शेजारच्या गल्लीतला डिप्लोमाचा पोरगा आला, घरी कन्नड बोलणारा, त्यानं बॅटरी बदलायला सांगितलं आणि सोल्डरिंग पण शिकवलं. भाषेचं भांडण आमच्या गल्लीत नाही, ते कुठून येतं तुम्हाला जास्त माहीत.

मी पण दिवसभर प्रोग्रॅमवरच जगतो, जी-झिरो-वन म्हणजे कटिंग, एम-थर्टी म्हणजे संपलं. तिचा कोड बघत बसलो तर मला म्हणाली, "पप्पा, तुमचं एम-थर्टीला संपतंय, माझं संपतच नाही, लूप हाय." साहेब, मी आयटीआय टर्नर, २० वर्षं लेथपुढं उभं राहून कंबर गेली, हाताचा कूलंटचा वास जेवताना पण जात नाही, पण त्या रात्री जेवढं बरं वाटलं तेवढं पहिल्या पगाराला वाटलं नव्हतं.

गाडी काळ्या पट्टीवर चालणारी. पांढऱ्यावरनं आयआर उजेड परत येतो, काळ्यावरनं येत नाही, त्यावरनं गाडीला कळतं डावीकडं वळायचं की उजवीकडं. रात्री सोप्यात झकास चालायची, सकाळी अंगणात नेली की खुळ्यागत गोल गोल. दोन दिवसांनी पोरगीच म्हणाली, उन्हात पण अवरक्त किरण असतात, सेन्सर फसतोय. हे तिला कुणी शिकवलं? कुणीच नाही.

गुरुवारी विज्ञान प्रदर्शन होतं. मी रजा टाकली, दिवसाचा पगार गेला, हजेरी बोनस गेला. आणि हिला टेबल दिलं व्हरांड्यात, भर उन्हात. आत घ्या म्हणून तिनं तीनदा सांगितलं. परीक्षक आले, गाडी गोल गोल. तिचं कन्नड चांगलंय, पण विज्ञान मराठीत शिकली, अवरक्त म्हणाली आणि अडकली. ते "परवागिल्ला" (असू दे) म्हणाले आणि पुढच्या थर्माकोलच्या ज्वालामुखीकडं गेले. पोरगी बसमध्ये खानापूरपर्यंत एक शब्द बोलली नाही.

आता जरा स्पष्ट बोलतो. केरळात २०२५ पास्नं दहावीच्या सगळ्या पोरांना आयसीटीच्या पुस्तकात रोबोटिक्स आहे, आणि तिथल्या कन्नड माध्यमाच्या पोरांना ते पुस्तक कन्नडात मिळतं. मिळायलाच पाहिजे! मग आमच्या पोरांना मराठीत चार पानं का नाहीत? घटनेत ३५०-अ कलम, अल्पसंख्य भाषेच्या पोरांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत द्यायचं, १९५६ लाच घातलंय, आमची सीमा आखली त्याच साली. दिल्लीवाले तर त्याच्या वरचे, २०२५ च्या बजेटमध्ये पाच वर्षांत ५० हजार अटल टिंकरिंग लॅब (पोरांनी स्वतः करून बघायच्या शाळेतल्या प्रयोगशाळा) म्हणे, म्हणजे दिवसाला २७, रविवार धरून. आमच्या वाट्याचा रविवार कधी येतो बघू. राज्याचं टेक्निकल विद्यापीठ १९९८ पास्नं बेळगावातच आहे, उद्यमबाग-मच्छेत पोरं ढीगभर मशिनी चालवतात, आणि ट्रेनर मिळत नाही? बेळगावच्या सुवर्णसौधात, म्हणजे तुमच्या विधानभवनात, हिवाळी अधिवेशन भरतं तेव्हा रस्ते रातोरात गुळगुळीत होतात, आमची शाळा तिथनं तासाभरावर पण नाही. तिकडच्या मुंबईच्या साहेबांना पण सोडत नाही मी, १ नोव्हेंबरला, आमच्या काळ्या दिनाला, पाठिंब्याचं पत्रक काढलं की वर्षभर गप्प. सीमेची केस कोर्टात २००४ पास्नं, माझ्या लग्नाच्या आधीपास्नं. दोन राज्यांना आमचा नकाशा पाहिजे, पोरं कुणालाच नकोत.

मला पैसे नकोत. कपाटाची किल्ली एका शिक्षकाकडं द्या, आणि वापरताना मोडलेल्या मोटारीची वसुली होणार नाही एवढं एका ओळीत लिहून सही करा. ट्रेनर नाही आला तरी चालेल, रविवारी मी येतो, तो डिप्लोमावाला पण येतो म्हणालाय.

आणि एक राहिलं. तो उद्घाटनाचा फ्लेक्स आमच्याकडंच आहे. पाठीमागची बाजू पांढरीशुभ्र, त्यावरच पोरीनं काळ्या इन्सुलेशन टेपचा ट्रॅक केलाय. तुमचा फोटो खालच्या अंगाला आहे. फ्लेक्स परत पाहिजे असेल तर माणूस पाठवा, पण टेप काढून मिळणार नाही.

आपला,
एक सीएनसी ऑपरेटर, खानापूर तालुका