आमच्या इमारतीतील तंट्यात मध्यस्थी करणाऱ्या बाईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय बाई,
सादर प्रणाम.

आपले नाव कुठेही येऊ नये, ही आपली अट पाळून हे पत्र लिहीत आहे. लालबागमधील आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या रहिवाशांनी एकमताने हे काम माझ्याकडे सोपवले, आणि ते मी मनापासून स्वीकारले. आपण आमच्यासाठी नेमके काय केलेत, हे तपशिलाने लिहिले तरच या आभारांना अर्थ आहे.

चाळ पाडून पुनर्विकासाची इमारत उभी राहिली तेव्हा आम्हांला स्वतःच्या मालकीची, संडास-बाथरूम आत असलेली घरे मिळाली. मात्र सामाईक गॅलरी, जिन्याखालची कॅरमची जागा आणि मधले पटांगण गेले. पूर्वी तिथे बसणारी मुले आता पार्किंगमध्ये आणि गेटजवळ बसू लागली. तिथून जे सुरू झाले ते मुंबईतल्या कित्येक इमारतींना ठाऊक असेल: सायलेन्सर बदललेल्या मोटारसायकली, बारा वाजता गेटसमोर केक कापून उडवलेले फटाके, मोठ्या आवाजातले स्पीकर, लिफ्टच्या कोपऱ्यात मारलेल्या पिचकाऱ्या. उलट बाजूने वरच्या मजल्यांवरून पाणी फेकणे, मुलांचे फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणे आणि सरसकट सगळ्यांना ‘गर्दुल्ले’ (नशेबाज) म्हणणे सुरू झाले. 112 वर फोन केला की पोलिसांची गाडी यायची, मुले पांगायची आणि गाडी गेली की परतायची. फोन कोणी केला, याचा शोध घेण्यातच पुढचे दोन दिवस जायचे.

आपण आलात तेव्हा बहुतेकांची अपेक्षा होती की वयाने आणि मानाने मोठी व्यक्ती निवाडा देईल, मुलांना चार शब्द सुनावेल आणि विषय संपेल. आपण निवाडा दिला नाहीत. बैठक बोलावण्याआधी आपण घरोघरी गेलात, दोन्ही बाजूंना स्वतंत्रपणे भेटलात, आणि एकाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्यापर्यंत नेली नाहीत. माझ्या मते या तंट्याचे निम्मे काम तिथेच झाले होते. 1992-93 च्या दंगलींनंतर माजी पोलीस आयुक्त जुलिओ रिबेरो आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश सहानी यांच्या पुढाकाराने मुंबईत मोहल्ला कमिट्या, म्हणजे वस्त्यांत सलोखा राखणाऱ्या रहिवाशांच्या समित्या, उभ्या राहिल्या, त्या कामात आपण तरुणपणी होता, हे आम्हांला नंतर कळले. रक्त सांडलेल्या वस्त्यांत माणसांना समोरासमोर बसवणे जिने पाहिले आहे, तिच्या संयमाचे मूळ तेव्हा समजले.

एकत्र बैठकीत आपला नियम एकच होता: समोरचा काय म्हणाला हे त्याला पटेल अशा शब्दांत आधी सांगायचे, मगच उत्तर द्यायचे. पहाटेच्या पाळीला सरकारी रुग्णालयात जाणाऱ्या आमच्या एका परिचारिका भगिनीचे म्हणणे एका मुलाला तीनदा सांगावे लागले, कारण दोन वेळा तिने ‘असे नाही’ म्हटले. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, “झोप झाली नाही तर इंजेक्शन देताना हात चुकेल, ही भीती त्यांना वाटते.” त्यानंतर त्याचे म्हणणे तिने सांगितले: तो डिलिव्हरीचे काम करतो, रात्री अकराला परततो, घरात आजी-आजोबांसह सहा माणसे झोपलेली असतात, आणि ‘गर्दुल्ला’ हा शब्द त्याच्या आईने लिफ्टमध्ये ऐकला होता. त्या दिवसापूर्वी त्या दोघांनी एकमेकांशी एकही वाक्य नीट बोललेले नव्हते.

ध्वनिप्रदूषण नियम, 2000 ची प्रत आपण दोन्ही बाजूंसमोर ठेवलीत. निवासी क्षेत्रात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6, हे वाचल्यावर मुलांचा ‘आमच्यावरच राग आहे’ हा समज बराच निवळला, आणि उत्सवात आमच्या मंडळालाही हेच नियम लागू आहेत, हे ज्येष्ठांनाही मान्य करावे लागले.

एका गोष्टीसाठी मी आपला विशेष ऋणी आहे. त्याच काळात इमारतीतील एका मुलीने, बाहेरून येणारा एक तरुण तिचा पाठलाग करतो, असे आपल्याला सांगितले. काही जणांनी तेही बैठकीतच मिटवावे असे सुचवले. आपण ठामपणे नकार दिलात. हा गुन्हा आहे, तो मध्यस्थीचा विषय नाही आणि तिला त्याच्यासमोर बसवणे हाच तिच्यावर अन्याय ठरेल, असे सांगून तिच्या आईसह आपण स्वतः पोलीस ठाण्यात गेलात. शांततेच्या नावाखाली दुबळ्या बाजूला गप्प करणाऱ्या बैठकी आपल्याकडे कमी होत नाहीत, म्हणून हा नकार मला फार मोलाचा वाटतो.

लेखी समझोत्यात रात्री दहानंतर स्पीकर बंद, मूळ सायलेन्सर परत बसवणे, संस्थेचे कार्यालय रात्री कॅरमसाठी उघडे ठेवून किल्ली मुलांकडेच देणे, तक्रार असल्यास आधी ठरलेल्या दोन मुलांना फोन करणे आणि कोणाचाही फोटो ग्रुपवर न टाकणे, एवढे ठरले. मोटारसायकलींच्या जागेवर एकमत झाले नाही, तेही आपण तसेच लिहून घेतलेत. मध्यस्थता कायदा, 2023 मध्ये सामुदायिक मध्यस्थीसाठी कलम 43 आणि 44 आहेत, विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज आणि तीन मध्यस्थांचे मंडळ अशी रीत त्यात सांगितली आहे, आणि तसा समझोताही दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अमलात आणता येत नाही, हे आपण सह्या होण्यापूर्वीच समजावलेत. आमच्या कागदामागे तर आमच्या शब्दाखेरीज काहीच नव्हते. हे ठाऊक असूनही सगळ्यांनी सह्या केल्या.

समझोता आजवर टिकला आहे. मध्यंतरी एका वाढदिवसाला फटाके वाजले. फोन गेला, आणि दुसऱ्या दिवशी ती मुले स्वतः त्या परिचारिका भगिनीच्या घरी जाऊन बोलून आली. पार्किंगचा वाद मात्र अजून शिल्लक आहे.

त्या संदर्भात एक विनंती आहे. तिसऱ्या मजल्यावरील एक गृहिणी आणि किल्ली सांभाळणारा तो डिलिव्हरीवाला मुलगा, या दोघांना आपल्याकडून मध्यस्थीचे काम शिकायचे आहे आणि पार्किंगची बैठक आपल्या देखरेखीखाली स्वतः चालवून पाहायची आहे. आपल्या प्रकृतीला आणि वेळेला जमेल तो दिवस कळवावा; ते दोघे आपल्या घरी येतील.

आपला कृतज्ञ,
संस्थेच्या सर्व रहिवाशांच्या वतीने एक रहिवासी
लालबाग, मुंबई