इंग्रजीच्या तासाला अख्खे पुस्तक वाचू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळेतले इंग्रजी ‘व्यवहारोपयोगी’ करण्याची चर्चा निघाली, की पहिला घाव कादंबरी आणि नाटकावर पडतो. बातमी, जाहिरात, अहवाल, अर्ज यांना जागा हवी म्हणून कादंबरीचे एखादे प्रकरण ठेवायचे, नाटकातला एक प्रवेश ठेवायचा आणि उरलेले कथानक चौकटीत सारांश करून छापायचे. माध्यमिकच्या वर्गांना बरीच वर्षे इंग्रजी शिकवणारी शिक्षिका म्हणून मला या तडजोडीविषयी कळकळीने लिहावेसे वाटते. अहवाल आणि अर्ज शिकवायला माझा विरोध नाही, ते शिकवलेच पाहिजेत. पण उतारा वाचला म्हणजे पुस्तक वाचल्यासारखेच झाले, हा समज मला मान्य नाही. वर्षाला एक छोटी कादंबरी आणि एक नाटक, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, वर्गातच वाचून व्हावे, अशी माझी मागणी आहे.

शेक्सपिअरच्या ‘ज्युलिअस सीझर’ नाटकातले अँटनीचे भाषण उताऱ्यांच्या पुस्तकांत हमखास सापडते. तिसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश. सीझरच्या खुनानंतर आधी कटातला ब्रूटस जमावापुढे गद्यात, मुद्देसूद बोलतो. मग सीझरचा मित्र अँटनी पद्यात बोलू लागतो. ब्रूटस हा सन्माननीय माणूस आहे, असे तो इतक्या वेळा म्हणतो की ऐकणाऱ्याचा त्यावरचा विश्वासच उडतो. सीझरचे मृत्युपत्र तो दाखवतो पण वाचत नाही, लोकांनाच ते मागायला लावतो. मुलांना हे फार आवडते. भाषण पाठ करून म्हणून दाखवायला हात वर होतात. उतारा इथे संपतो, नाटक मात्र पुढे जाते. लगेच पुढच्या, जेमतेम चाळीसेक ओळींच्या प्रवेशात चेतलेल्या जमावाला रस्त्यात सिना नावाचा कवी भेटतो. कटवाल्यांमध्येही एक सिना आहे. मी तो नव्हे, मी कवी, असे हा बिचारा परोपरीने सांगतो. मग वाईट कवितांसाठी फाडा याला, असे ओरडत लोक त्याच्यावर तुटून पडतात. हा प्रवेश वाचून झाला की वर्गात जो वाद पेटतो, तो मी कुठल्याही प्रश्नसंचातून पेटलेला पाहिलेला नाही. दोष कोणाचा? भाषण करणाऱ्याचा, ऐकणाऱ्यांचा, की कटातल्याच कॅशसने बजावूनही अँटनीला बोलू देणाऱ्या ब्रूटसचा? वक्तृत्वाचा नमुना म्हणून फक्त भाषण शिकवले तर मुलांच्या हाती अँटनीचे कौशल्य तेवढे पडते. त्या कौशल्याने काय घडले, हे कळण्याआधीच पुस्तक मिटलेले असते.

कादंबरीत तर हे आणखी स्पष्ट दिसते. जॉर्ज ऑर्वेल यांची ‘अ‍ॅनिमल फार्म’ (1945) घ्या. मालकाला हाकलून शेत ताब्यात घेतलेल्या प्राण्यांनी भिंतीवर लिहिलेल्या सात आज्ञा सुरुवातीलाच वाचकाला कळतात. पुढे डुकरे माणसांच्या पलंगावर झोपू लागतात. क्लोव्हर या घोडीला आठवत असते की पलंगाला सक्त मनाई होती. तिला नीट वाचता येत नाही, म्हणून ती म्युरिएल शेळीकडून आज्ञा वाचून घेते. भिंतीवर आता ‘चादरी घातलेल्या’ पलंगावर झोपू नये असे लिहिलेले असते. आपलीच आठवण चुकली असेल, असे क्लोव्हर मानून घेते. हे प्रकरण वाचताना काही न सांगता मुले पाने मागे उलटतात. मूळ आज्ञा शोधतात, बोट ठेवून दाखवतात, ‘बाई, इथे चादर नव्हती!’ असे ओरडतात. सत्ता माणसाच्या आठवणीवर कसा हात फिरवते, हे त्या क्षणी त्यांनी स्वतः पकडलेले असते. उताऱ्याच्या पुस्तकात मागे उलटायला पानच नसते. तिथे शिक्षकाला सांगावे लागते की आधी असे होते, नंतर तसे झाले, आणि मुले ते वहीत उतरवून घेतात.

वेळ नाही, हे उत्तर मला नेहमी मिळते. मग हिशेबच करू या. या कादंबरीत साधारण तीस हजार शब्द आहेत. मोठ्याने वाचताना मिनिटाला दीडशे शब्द धरले तर अख्खी कादंबरी दोनशे मिनिटांत, म्हणजे चाळीस मिनिटांच्या पाच तासांत वाचून होते. चर्चेला तेवढेच, किंवा दुप्पट तास द्या. एका उताऱ्याचे शब्दार्थ, गाळलेल्या जागा, जोड्या लावा आणि कोण कोणास म्हणाले यांत यापेक्षा फार कमी वेळ जातो असे मला वाटत नाही. ‘मॅकबेथ’ ही शेक्सपिअरची सर्वांत छोटी शोकांतिका, तीही सलग वाचली तर आठवड्याभराच्या तासांत संपते. दुसऱ्या अंकात राजाच्या खुनानंतर लेडी मॅकबेथ म्हणते की थोड्याशा पाण्याने हे कृत्य धुऊन जाईल, आणि पाचव्या अंकात तीच झोपेत चालत, नसलेला डाग हातावरून पुसत राहते. मधले दोन अंक सोबत काढलेल्या मुलाला या हातांचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही.

सारांशाबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचे आहे, कारण आता फोनवर क्षणात मिळतो तो सारांशच. चिनुआ अचेबे यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (1958) या कादंबरीत पंचवीस प्रकरणे आहेत. त्या प्रकरणांतून आपण ओकोन्क्वो नावाच्या इग्बो माणसाबरोबर जगतो. त्याची कुस्ती, त्याचा ताठा, बापासारखे दुबळे ठरण्याची त्याची भीती, मुलाशी तुटत गेलेले नाते, गावात शिरलेली परकी सत्ता, आणि शेवटी त्याचा अंत. अगदी अखेरच्या परिच्छेदात ब्रिटिश जिल्हा अधिकारी त्याच्या मृत्यूकडे पाहून विचार करतो की आपण लिहिणार असलेल्या पुस्तकात या माणसावर एक प्रकरण होईल. मग तो स्वतःलाच सुधारतो, प्रकरण नको, एखादा बऱ्यापैकी परिच्छेद पुरे. सगळी कादंबरी वाचून इथवर आलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला इथे धक्का बसतो. जो माणूस आपल्याला इतका माहीत झाला, त्याचे इतक्या सहज एका परिच्छेदात काय केले जाते आहे, हे तो पाहतो. हीच कादंबरी सारांशाने शिकवली तर आपणही त्या अधिकाऱ्याचेच काम करतो. हे मी सहकाऱ्यांशी बोलताना अनेकदा म्हटले आहे आणि इथेही तितक्याच गांभीर्याने लिहिते आहे.

हा प्रश्न सगळीकडचाच आहे. अमेरिकेत 2010 साली आलेल्या ‘कॉमन कोअर’ या शालेय अभ्यासाच्या मानकांमध्ये बारावीपर्यंत वाचनात माहितीपर मजकुराचा वाटा 70 टक्के आणि साहित्याचा 30 टक्के असावा असे म्हटले होते. हे प्रमाण सर्व विषयांच्या वाचनाला मिळून होते. इतिहास आणि विज्ञानाच्या पुस्तकांतले वाचनही त्यात धरलेले होते. तरीही अनेकांनी ते इंग्रजीच्या तासालाच लावले. इंग्लंडमध्ये 2015 पासून शिकवल्या जाणाऱ्या जीसीएसई (साधारण सोळाव्या वर्षी द्यायची शालान्त परीक्षा) इंग्रजी साहित्याच्या अभ्यासक्रमात शेक्सपिअरचे एक नाटक, एकोणिसाव्या शतकातली एक कादंबरी आणि 1914 नंतरचे ब्रिटिश कथात्म किंवा नाट्यलेखन नेमलेले आहे, आणि पुस्तके पूर्ण वाचण्याची अपेक्षा आहे. हे मला योग्य वाटते. पण तिथली परीक्षा पुस्तक बंद ठेवून द्यायची असते. त्यामुळे मुले अवतरणे घोकतात. पुस्तकावर विचार करण्याचा वेळ त्यातले शब्द पाठ करण्यात जातो, ते मला पटत नाही.

आता, कसे शिकवावे. नाटक बाकावर बसून, एकामागून एक मुलाने चार-चार ओळी म्हणत वाचायचे नसते. त्यात कोण बोलते आहे हेच हरवते. पात्रे वाटून द्यावीत, मुलांना उभे करावे, कोणाकडे पाहून बोलायचे हे त्यांना ठरवू द्यावे. रंगसूचना तर न वगळता वाचाव्यात. जे. बी. प्रीस्टली यांच्या ‘अ‍ॅन इन्स्पेक्टर कॉल्स’मध्ये (पहिला प्रयोग 1945, मॉस्को) सुरुवातीचा प्रकाश गुलाबी, जिव्हाळ्याचा असावा आणि इन्स्पेक्टर आल्यावर तो प्रखर, कठोर व्हावा, अशी सूचना आहे. एवढ्या एका सूचनेवरून माझ्या एका वर्गाने पूर्ण तास वाद घातला होता. तो प्रकाश कोणावर पडायला हवा आणि कोण त्यातून निसटते, असा तो वाद. हे नाटक एका घरात, एका संध्याकाळी, खंड न पडता घडते. त्यामुळे नाटक वाचण्याची सवय नसलेल्या वर्गासाठी ते फार सोयीचे आहे. शेक्सपिअर त्यानंतर यावा असे माझे मत आहे. पहिलेच नाटक म्हणून त्याला पुढे केले, तर चारशे वर्षांपूर्वीच्या भाषेशी झगडण्यात नाटक पाहायचे राहून जाते.

मोठी कादंबरी मात्र हप्त्यांत वाचावी. डिकन्सने ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ 1860-61 मध्ये आपल्याच साप्ताहिकातून दर आठवड्याला लिहिली, म्हणजे थांबण्याच्या जागा त्यानेच आखून दिल्या आहेत. तिचा मूळ शेवटही वेगळा होता. त्यात नायक पिप आणि त्याचे जिच्यावर प्रेम आहे ती एस्टेला यांची ओझरती भेट होऊन ताटातूट होते. बुल्वर-लिटन या मित्राच्या सांगण्यावरून डिकन्सने तो बदलला. दोन्ही शेवट मुलांपुढे ठेवा आणि कोणता खरा वाटतो ते विचारा. याचे उत्तर द्यायला पिपला पहिल्या प्रकरणापासून ओळखावे लागते, आणि गाइडमधून अशी ओळख होत नाही.

ज्यांच्या घरी इंग्रजी बोलली जात नाही त्यांना अख्खे पुस्तक झेपणार नाही, असे म्हटले जाते. माझा अनुभव उलटा आहे. उताऱ्यात प्रत्येक वेळी नवी माणसे, नवी जागा, नवे शब्द येतात आणि ओळख होईपर्यंत उतारा संपतो. कादंबरीत पहिली वीस पाने जड जातात. नंतर तेच लेखक, तीच माणसे, तीच शब्दांची ठेवण सवयीची होते आणि वाचनाचा वेग आपोआप वाढतो. शिक्षकाने मोठ्याने, भावनेसह वाचावे, मुलांनी पुस्तकात नजर ठेवून ऐकावे, आणि प्रत्येक अडलेल्या शब्दाशी थांबू नये. चित्रपट दाखवायचा असेल तर पुस्तक संपल्यावर. आधी दाखवला तर पात्रांचे चेहरे ठरून जातात आणि मुले ते स्वतः कल्पायचे सोडून देतात.

वादग्रस्त विषयाच्या पुस्तकांबद्दल एवढेच म्हणते, की पालकांना वर्षाच्या सुरुवातीलाच विश्वासात घ्यावे. गुपचूप पाने गाळू नयेत.

राहिली परीक्षा, आणि सगळे घोडे तिथेच अडते. प्रश्न गाइडमधून सुटणार असेल तर पुस्तक कोणी का वाचावे? व्यक्तिचित्रण लिहा, कथानक थोडक्यात सांगा, शीर्षकाची समर्पकता स्पष्ट करा हे प्रश्न तयार उत्तरांवर जगतात. त्याऐवजी परीक्षेला पुस्तक सोबत नेऊ द्यावे. प्रश्नपत्रिकेत एखादे पान नेमून द्यावे आणि या पानावर जे घडते त्याची तयारी लेखकाने आधी कुठे केली आहे ते पुस्तकातून दाखवा, असे विचारावे. ज्याने वाचले आहे त्याला ती जागा सापडेल. न वाचलेल्याला तीन तासांत पुस्तक चाळूनही ती सापडणार नाही. अशी उत्तरे तपासायला वेळ लागेल, म्हणून शिक्षकांना तपासणीचे तास वाढवून द्यावे लागतील. मंडळाने दहा-बारा पुस्तकांची यादी द्यावी, त्यातली दोन निवडण्याचा हक्क वर्गशिक्षकाला असावा, आणि निवडलेल्या पुस्तकाची प्रत शाळेने प्रत्येक मुलाच्या हाती द्यावी. अभ्यासक्रमाच्या पुढच्या फेररचनेत निदान या तीन गोष्टींचा विचार व्हावा, अशी आपल्या दैनिकामार्फत संबंधितांना विनंती आहे.

आपली विश्वासू,
माध्यमिक वर्गांना इंग्रजी शिकवणारी एक शिक्षिका