मोठी माय वऱ्हाडीतच बोलली पाहिजे

दिनांक : १५ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक विभाग,
चित्रपट निर्मिती कंपनी, मुंबई

विषय : कादंबरीवरील चित्रपटाची पात्रनिवड, झलकेतील भाषा आणि बदललेल्या मुखपृष्ठाच्या १२ प्रतींबाबत तक्रार.

महोदय,

ऑगस्टमध्ये मी तुमच्या संकेतस्थळावरून कादंबरीच्या १२ प्रती मागवल्या. पैसे आधीच भरले. ऑर्डर करताना तिथे जुन्या मुखपृष्ठाचं चित्र होतं : दोन हात आणि ओंजळीत कापूस. पार्सल फोडलं तर आत चित्रपट आवृत्ती निघाली. हातांच्या जागी तुमच्या नायिकेचा चेहरा. प्रती बदलून द्या नाहीतर पैसे परत करा, एवढ्यावर ती तक्रार मिटेल. पण त्या चेहऱ्याबद्दल मला बोलायचं आहे, आणि ते दोन ओळींत मावणारं नाही.

मी घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे. घरची चार एकर कोरडवाहू जमीन, पऱ्हाटी म्हणजे कपाशी, आणि तूर. माझ्या आईला वाचता येत नाही. ही कादंबरी मी तिला दोन हिवाळे वाचून दाखवली, जेवणं आटोपली की चुलीपुढे बसून. आधी आम्ही दोघीच होतो. मग शेजारची एक काकू आली, मग तिची जाऊ, आणि संक्रांतीपर्यंत ओसरीत बसायला जागा उरली नाही. कादंबरीची नायिका मोठी माय सावकाराच्या दारातून रिकाम्या हाताने परत येते, ते प्रकरण या बायांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा वाचताना माझाच आवाज फुटेना, तेव्हा आई म्हणाली, "राहू दे, आमाले पाठ हाय." त्या १२ प्रती या बायांच्या शिकलेल्या लेकी-सुनांसाठी होत्या.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी तुमची पहिली झलक आली. अंगणवाडीतली पोरं लाकडी बैल घेऊन मिरवून गेली आणि आम्ही सगळ्या माझ्या मोबाईलभोवती बसलो. पुस्तकातली मोठी माय पंचावन्न वर्षांची आहे. उन्हानं रापलेली, पुढचा एक दात पडलेली, चालताना डावा पाय ओढणारी. तुम्ही घेतलेली अभिनेत्री तिशीचीही वाटत नाही. तिचा चेहरा सावळा रंगवला आहे, पण मान वळवली की कानामागची गोरी कातडी दिसते. आईचं लक्ष मात्र चेहऱ्याकडे नव्हतं. तिनं मोबाईल हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, "हिचे बोटं तं पाह्य व. हिनं कधी पऱ्हाटीले हात लावला काय?"

महोदय, बोंड फुटलं की त्याच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी होतात. कापूस ओढताना ती नखाच्या मुळाशी घुसतात. दिवसभर वेचलं की बोटांची कातडी सोलवटते, म्हणून बाया चिंध्या गुंडाळून वेचतात. त्या रात्री पिठात मीठ पडलं तरी कणीक मळताना हात झोंबतो. मोठ्या मायचे हात असे आहेत. लेखकानं अख्खं एक प्रकरण त्या हातांवर खर्च केलं आहे आणि जुनं मुखपृष्ठही त्याच हातांचं होतं. तुमच्या झलकेत ती लांब नखांनी बोंड खुडते आणि पाठीवरच्या टोपलीत टाकते. टोपलीत चहाची पानं खुडून टाकतात. आमच्याकडे कमरेला ओटी, म्हणजे कापडाची झोळी, बांधतात, ओटी भरली की बांधावर गाठोड्यात रिकामी करतात आणि संध्याकाळी काट्यावर तोलून किलोप्रमाणे मजुरी घेतात. वर तिच्या तोंडी वाक्य काय, तर "चला, कापूस तोडायला जाऊ." कापूस वेचतात, महोदय. हे वाक्य लिहिणाऱ्यानं पुस्तकाचं पहिलं पानसुद्धा वाचलेलं नाही, कारण पहिल्याच पानावर 'वेचणी' हा शब्द आहे.

अभिनेत्रीबद्दल मनात राग नाही. तिला जे दिलं ते ती करते आहे. माझी खरी तक्रार भाषेची आहे. पुस्तकात सगळेच वऱ्हाडी बोलतात. झलकेत मोठी माय पुण्याच्या शाळेत शिकल्यासारखी बोलते आणि वऱ्हाडी उरते ती एकट्या सालदाराच्या, म्हणजे सालाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याच्या, तोंडी. त्या सालदारासाठी तुम्ही टीव्हीवरचा विनोदी नट घेतला आहे. तो "काऊन बे" म्हणतो आणि मागून हसण्याचा आवाज येतो. पुस्तकातला सालदार शंभर पानांत वीस वाक्यंही बोलत नाही. मालकाचा मुलगा गेल्यावर पाडव्याला साल संपतं, तरी तो घर सोडत नाही आणि फुकटात वखर हाकत राहतो. त्या माणसावर हसायचं कशासाठी?

रडणारं माणूस प्रमाण मराठीत आणि हसवणारं वऱ्हाडीत, ही वाटणी आम्ही लहानपणापासून बघत आलो आहोत. आमची बोली सिनेमात येते ती बहुतेक गड्याच्या, नाहीतर वेंधळ्या पाहुण्याच्या तोंडी. ही कादंबरी आम्हाला जिवापाड आवडली ती याचसाठी, की आमच्या बोलीतलं दुःख कुणी तरी दुःख म्हणून लिहिलेलं आम्ही तिच्यात पहिल्यांदा ऐकलं.

तुमच्या ग्राहक क्रमांकावर मी फोन केला होता. तिथल्या ताई म्हणाल्या, सगळ्या महाराष्ट्राला कळावं म्हणून नायिकेची भाषा सोपी केली आहे. त्या नीट बोलल्या, त्यांचे आभार. पण वऱ्हाडीतला विनोद सगळ्या महाराष्ट्राला कळतो, मग वऱ्हाडीतलं रडणं का कळणार नाही? ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचा आनंद आम्हीही केला. मराठीतला आद्य गद्य ग्रंथ लीळाचरित्र आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात लिहिला गेला. त्या मातीतली बोली आज नायिकेच्या तोंडी शोभत नाही, हे कुणी ठरवलं?

इकडे कलावंत मिळत नाहीत, असंही तुम्ही म्हणू शकणार नाही. माझी मोठी बहीण ब्रह्मपुरीला दिली आहे. तिच्याकडे मी किती तरी नाटकं रात्र-रात्र जागून पाहिली. दिवाळी झाली की तिकडच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात, नाटकांचा हंगाम सुरू होतो, वडसा त्याचं मुख्य ठाणं. शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत असो की मंडईची जत्रा, रात्री नाटक ठरलेलंच, आणि थंडीत घोंगडी पांघरून माणसं पहाटेपर्यंत हलत नाहीत. त्या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. झाडीबोली वेगळी आणि वऱ्हाडी वेगळी, हे मला ठाऊक आहे, पण तिथल्या पन्नाशीच्या नटीला वऱ्हाडी उचलायला किती दिवस लागतील? आणि नागराज मंजुळे यांनी २०२२ च्या 'झुंड'मध्ये नागपूरच्या वस्तीतली पोरं थेट अमिताभ बच्चन यांच्यासमोर उभी केली. ती पोरं कुठेही कमी पडली नाहीत.

तुमच्याच पत्रकात लिहिलं आहे की मुख्य चित्रीकरण दिवाळीनंतर सुरू होणार. म्हणजे अजून वेळ आहे. मोठ्या मायसाठी आमच्या भागातली, त्या वयाची कलावंत शोधा. आताच्या अभिनेत्रीला बदलणं करारामुळे जमणार नसेल तर निदान संवाद पुस्तकातलेच ठेवा आणि ते शिकवायला वऱ्हाडी माणूस नेमा. सालदाराच्या दृश्यामागचं हसू काढून टाका. टोपली तर काढाच. या पत्राला लेखी उत्तर मिळावं, ही विनंती.

दसरा झाला की आमच्याकडे पहिली वेचणी सुरू होते. आधी सीतादही करतात, शेतात दहीभाताचा नैवेद्य ठेवतात आणि मगच ओटी बांधतात. तुम्ही हीच अभिनेत्री ठेवणार असाल तर तिला त्या आठवड्यात आमच्याकडे पाठवा, आमच्याच घरी राहील. आई तिला ओटी बांधायला आणि बोंडातून एका ओढीत कापूस काढायला शिकवेल. मी हे पत्र लिहिते आहे, हे आईला सांगितलं, तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "पोरीले तिखट चालते काय?"

आपली ग्राहक आणि वाचक,
एक अंगणवाडी सेविका
ता. घाटंजी, जि. यवतमाळ

(नाव, पत्ता आणि ऑर्डर क्रमांक सोबत जोडलेल्या पावतीवर आहे.)