रविवारी सकाळी ७ वाजता अंगणवाडीच्या परसबागेत जमायचं आहे

सर्व बागकाम स्वयंसेवकांना नमस्कार,

पाऊस चांगला झाला, वाफसाही (लागवडीजोगा ओलावा) आलाय. येत्या रविवारी अंगणवाडीच्या मागच्या आवारात लागवड आहे. वाफे तयार आहेत, दहापर्यंत आटोपेल.

- भेंडी-दोडक्याचं बी ज्यांच्याकडे आहे, त्यांनी शनिवारी रात्रीच भिजत घालावं.
- शेवग्याचं बी नको, फाटा (फांदीचा तुकडा) आणा. मनगटाएवढा जाड, साधारण ३ फूट. बियाच्या झाडापेक्षा त्याला शेंगा लवकर लागतात. लावायचा मात्र कुंपणाकडेलाच. शेवग्याची फांदी ठिसूळ, आणि मुलं लोंबकळल्याशिवाय राहत नाहीत.
- शोभेसाठी म्हणून कण्हेर कोणीही आणू नये. विषारी आहे.
- खुरपं, घमेलं आपापलं.

रासायनिक फवारणी अजिबात करायची नाही, ही भाजी मुलांच्या ताटात जाते. मावा (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) दिसला तर ५ टक्के निंबोळी अर्क: अर्धा किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवायच्या, गाळून १० लिटर द्रावण करायचं. सध्या कडुनिंबाखाली सडा पडलाय, वेचून वाळवून ठेवा.

उघडीप पडली की पाणी कोण घालणार, ते रविवारीच ठरवू. सेविकाताईंवर ते काम टाकायचं नाही, त्यांना आधीच पुष्कळ आहे.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत इथे नाव लिहा. जास्तीची कुदळ असेल तर तेही कळवा.