फुटप्लेटवरच्या मुली

सेंट पीटर्सबर्ग

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, इकडे वाफेची इंजिनं अजून दिसतात का, असं विचारलं होतंत. रविवारी पेट्रोक्रेपोस्त स्टेशनात एक पाहिलं, चबुतऱ्यावर चढवलेलं. महायुद्धात सेंट पीटर्सबर्ग, म्हणजे तेव्हाचं लेनिनग्राड, जर्मनांनी वेढलं होतं. उपासमारीने लाखो माणसं गेली. जानेवारी १९४३ मध्ये वेढ्याला खिंडार पडलं आणि त्या चिंचोळ्या पट्टीत ३३ किलोमीटरची लाइन टाकली गेली. ७ फेब्रुवारीला पहिली गाडी शहरात आली. सिन्याविनोच्या टेकड्यांवरून जर्मन तोफांचा मारा चालूच होता, म्हणून गाड्या रात्री, दिवे मालवून धावायच्या.

आता तुमच्या आवडीची गोष्ट. सिग्नलच्या जागी माणसं! ठरावीक अंतरावर एकेक जण हातबत्ती घेऊन थंडीत उभा. गाडी पुढे गेली की मागचीला लाल, पुरेशी लांब गेली की वाट मोकळी. एका रात्री सगळ्या गाड्या शहराकडे, दुसऱ्या रात्री सगळ्या बाहेर. या माणसांच्या सिग्नलला ‘जिवंत ब्लॉक’ म्हणत. हातबत्ती धरणाऱ्या बऱ्याचशा मुलीच होत्या, वेढ्यातल्या उपासमारीतून नुकत्या उठलेल्या. काही फायरमन झाल्या, म्हणजे इंजिनाच्या फुटप्लेटवर उभं राहून भट्टीत कोळसा टाकणाऱ्या. आई, फायरमनकी काय असते ते बाबांचे कपडे धुताना तू पाहिलंयस. पोटभर जेवणाऱ्याची कंबर मोडते, तिथे या पोरी फावड्याने कोळसा ओढत होत्या.

दुसऱ्या आघाड्यांवर एलेना चुख्न्यूक तर स्वतः इंजिन चालवायची. १९४३ मध्येच तिला ‘समाजवादी श्रमवीर’ किताब मिळाला.

आणि पुढे? १९७८ मध्ये सोव्हिएत सरकारने बायकांना मनाई असलेल्या कामांची यादी काढली, त्यात इंजिन ड्रायव्हरही! कारण काय, तर तब्येतीला अपाय. तोफगोळ्यांचा अपाय तेवढा चालत होता! रशियात ही बंदी उठायला २०२१ उजाडलं. तोवर आपल्या साताऱ्याच्या सुरेखा यादव तीसेक वर्षं गाडी चालवत होत्या. बाबा, ‘बायकांचं काम नाही’ म्हणणाऱ्या तुमच्या रनिंग रूममधल्या (ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीतल्या) मित्रांना हे जरूर सांगा.

सिग्नल बंद पडले की भुसावळला तुम्ही दोन गाड्यांत किती मिनिटं ठेवायचात? फोनवर सांगा. आईच्या गुडघ्याचा एक्स-रे मात्र त्याआधी पाठवा.

तुमची,
मनू