ओढा खोल करण्याआधी विहिरींची वही मांडा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पाऊस ओसरला की आमच्या खटाव तालुक्यात 'आमचा ओढा खोल करून घ्या' म्हणून सरपंचांमागे लकडा लागतो. मार्च-एप्रिलात पोकलेन येते, आठ-दहा दिवसांत काम उरकते, फोटो निघतात आणि ओढ्याच्या जागी सरळ रेषेतला खंदक उरतो. याला जलसंधारण म्हणायचे का, हे विचारण्यासाठी हे पत्र.

येरळा नदीला मिळणारा आमच्या शिवारातला ओढा मागे असाच खोल झाला. कडा उभ्या तासल्या. निघालेली माती आणि मुरूम काठावरच ढिगाने लावला. पहिल्या वळवातच त्यातला निम्मा परत ओढ्यात. वळणे काढून टाकल्यामुळे पाण्याचा वेग वाढला आणि खालच्या अंगाला एकाचा बांध करंजाच्या झाडासकट खचला. निर्गुडी, वाळुंज, लव्हाळा ही काठची झुडपे कोणाच्या कामाची नाहीत असे वाटते, पण कड धरून ठेवतात त्यांच्याच मुळ्या. आता गुरांना पाण्यावर उतरायला वाट नाही. एका जागी टिकावाने कड फोडून लोकांनी कशीबशी उतरण केली आहे, तिथेही गाभण म्हैस उतरवायची म्हणजे दोघे लागतात.

खरा घोटाळा जमिनीखाली आहे. आपला दगड काळा पाषाण. पाणी धरतो तो त्याच्यावरचा मुरूम आणि भेगाळलेला थर, आणि तो काही फार जाड नसतो. पावसाळा संपल्यावर याच थरातले पाणी हळूहळू ओढ्यात पाझरते, त्यावरच ओढा हिवाळाभर वाहतो. ओढ्याचा तळ या पाण्याच्या पातळीखाली नेला की शेजारच्या मुरमातले पाणी खंदकात उतरते. खंदक तुडुंब दिसतो, लोक नारळ फोडतात. पण त्यातले बरेचसे पाणी काठच्या विहिरींचेच असते. त्यावर ऊन तापते. आमच्यासारख्या कोरड्या भागात उघड्या पाण्याची वर्षाकाठी दीड-दोन मीटर वाफ होते. उरलेल्यावर काठाच्या मोटारी बसतात, कारण पाणी दिसले की आल्याचे आणि उसाचे क्षेत्र वाढते. मग मार्चात खंदकही कोरडा आणि विहिरीही.

गाळाने भरलेल्या बंधाऱ्यामागचा गाळ जरूर काढावा, शेतात न्यावा. त्याला कोणाची हरकत नाही. गाळ काढणे आणि मुरूम फोडून पाषाणापर्यंत जाणे ही दोन वेगळी कामे आहेत, एवढेच म्हणणे आहे. बिलात मात्र दोन्हींचे मोजमाप घनमीटरमध्येच होते, त्यामुळे जास्त खोदणाऱ्याचे फावते.

राज्य सरकारच्या जलयुक्त शिवार अभियानावर ९,६३३ कोटी रुपये खर्चूनही भूजल पातळी वाढवण्यात फारसे यश आले नाही, असा सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगचा अहवाल सप्टेंबर २०२० मध्ये विधिमंडळात मांडला गेला. त्यावर राजकारण भरपूर झाले, पुढे योजनेचा दुसरा टप्पाही आला. आधी डोंगरमाथ्यावर पाणी अडवायचे आणि मग खाली यायचे, हे 'माथा ते पायथा' सूत्र कागदावर आहेच. पण माथ्यावरच्या समतल चरांना, म्हणजे उताराला आडव्या खणलेल्या चरांना, माणसे लागतात, पायथ्याला यंत्र पुरते. आमच्याच जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातील वेळूने २०१६ मध्ये आणि माण तालुक्यातील टाकेवाडीने २०१८ मध्ये गावांची जलसंधारणाची स्पर्धा असलेला वॉटर कप जिंकला, तो डोंगरउतारावर घाम गाळून. डोंगर उघडा ठेवून ओढा कितीही खणला तरी दोन पावसाळ्यांत तो गाळाने भरणारच.

दोष सगळा सरकारचा नाही, हेही लिहायला हवे. नदी-नाल्यांचे पात्र सरकारच्या मालकीचे आहे, असे १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे कलम २० सांगते. तरी दरवर्षी नांगराचे एक तास (सरी) ओढ्याकडे सरकते आणि बांध पात्रात जातो. फवारणीचा पंप ओढ्यातच धुतला जातो, औषधाच्या रिकाम्या बाटल्या तिथेच पडतात. पिकाला न लागलेला युरिया पाण्याबरोबर खाली येतो आणि साचलेल्या डोहावर हिरवे शेवाळ धरते. त्या पाण्यात खेकडे कसे टिकतील? वाळूची तीच गत. याच येरळेवर खाली सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात बलवडी-तांदुळवाडीच्या शेतकऱ्यांनी ऐंशीच्या दशकात बळीराजा धरणासाठी लढा दिला. थोडी वाळू विकून त्यांनी धरणाचे पैसे उभे केले, पण वाळूचा बेसुमार उपसा पाणी पळवतो, हेही ठणकावून सांगितले. पावसाचे पाणी मुरवणारी ती वाळू आज किती ओढ्यांत उरली आहे?

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींच्या पातळीची वर्षातून चार वेळा नोंद घेते. तशीच नोंद गावाने ओढ्याकाठच्या विहिरींची ठेवावी. लांब दोरी, दगड आणि एक वही, एवढाच खर्च. खोलीकरणाचा ठराव घेण्याआधी ती वही ग्रामसभेत वाचावी, तळ कुठवर नेणार हे ठेकेदाराने आधी फळ्यावर लिहावे आणि माथ्यावरचे चर पूर्ण झाल्याशिवाय ओढ्यात यंत्र उतरवू नये. दोन्ही काठांना निदान एका बैलगाडीच्या रुंदीची पट्टी न नांगरता सोडावी. यासाठी नवा शासन निर्णय लागत नाही. आमच्या गावच्या पुढच्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी देणार आहे. येरळेच्या वरच्या-खालच्या गावांतील वाचकांनीही आपापल्या ग्रामपंचायतीत तो द्यावा, ही विनंती.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. खटाव, जि. सातारा