ताई, गाडी दुपारी चार्ज कर

सातारा

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलताना निम्मं राहून जातं, म्हणून लिहायला बसलो. तुम्ही दोघं इलेक्ट्रिक गाडीच्या विचारात आहात, पण सोसायटीची कमिटी चार्जिंगचा पॉइंट द्यायला तयार नाही, आणि जावईबापूंचं म्हणणं असं की वीज शेवटी कोळशाचीच, मग उपयोग काय. दोन्ही गोष्टी विचार करण्यासारख्या आहेत. आपल्या छतावर सोलर आहे, दारात इलेक्ट्रिक गाडी आहे आणि माझी सगळी नोकरी विजेच्या खांबावर गेली. तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

कोळशाचं आधी. जावईबापू चुकीचं बोलत नाहीत. महाराष्ट्राची बरीचशी वीज आजही कोळशावरच होते. एकट्या चंद्रपूरचं केंद्र २,९२० मेगावॅटचं. तिथली राख आणि धूर चंद्रपूरची माणसं सोसतात, आणि आपण पुण्या-साताऱ्यात बसून ते विसरून चालणार नाही. पेट्रोलच्या इंजिनात इंधनाचा जेमतेम चौथा हिस्सा चाकापर्यंत पोचतो, मोटरीत मात्र बहुतेक सगळी वीज चाकाला लागते, हे खरं. पण कोळशाच्या केंद्रातही जवळजवळ दोन तृतीयांश उष्णता वाया जाते. त्यामुळे नुसत्या कोळशाच्या विजेवर गाडी पळवून धुराच्या हिशेबात मोठा पल्ला गाठला, असं मी तुला सांगणार नाही. फरक पडतो तो पुढे. पेट्रोलची गाडी भंगारात जाईपर्यंत पेट्रोलच पिणार. विजेची गाडी तीच राहते आणि तिच्यात येणारी वीज वर्षागणिक बदलत जाते. आणि आजसुद्धा ती वीज कुठली, हे तू गाडीला वायर किती वाजता लावतेस त्यावर बरंच अवलंबून आहे. मला तुला मुख्य सांगायचंय ते हेच.

संध्याकाळी सात ते दहा ही विजेची सगळ्यात ओढाताणीची वेळ. सूर्य गेलेला असतो, घराघरांत दिवे, टीव्ही, एसी एकदम सुरू होतात. त्या वेळी कोळशाचे संच ताणून चालवतात आणि कोयनेची जनित्रं फिरवतात. दुपारी बाराला याच्या उलट असतं. राज्यभर सोलरची वीज भरभरून येत असते. माझ्या नोकरीत कारखान्यांना रात्रीची वीज स्वस्त मिळायची, कारण रात्री ती पडून असायची. आता घड्याळच फिरलंय. टीओडी मीटर, म्हणजे कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणारा मीटर, असलेल्या घरगुती ग्राहकांना महावितरण सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत दरात सवलत देतं. असा दिवस मी बघेन असं नोकरीत असताना वाटलं नव्हतं.

हे शहरातल्या बिलापुरतं नाही, ताई. तुझे काका पाटणला इतकी वर्षं रात्री दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी द्यायला, जायचे ते तुला आठवतं. शेतीच्या फीडरला, म्हणजे शेतपंपांच्या वेगळ्या लाइनला, आठवडाभर दिवसा आणि आठवडाभर रात्री वीज असायची. रात्रीची पाळी आली की बॅटरी आणि काठी घेऊन उसात शिरायचं. खाली साप, पलीकडे बिबट्या. काकू जागी बसून राहायची. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावाजवळ सोलर प्रकल्प उभारून शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायचं काम चाललंय, त्याचं मोल काकूला विचार. आणि त्याच पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली. शंभरेक घरांची वाडी, घराघरावर पॅनल. तुम्ही आलात की एकदा जाऊन येऊ, मुलांना दाखवण्यासारखी आहे.

आता आपल्या घराचं. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला केंद्राचं ७८,००० रुपये अनुदान मिळतं, पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार. त्याच्यावर किलोवॅट वाढवले तरी अनुदान तेवढंच, म्हणून बहुतेक जण तीनवर थांबतात. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला चार युनिट मिळतात. म्हणजे आपल्या तीन किलोवॅटचे महिन्याला साडेतीनशेच्या आसपास. घरखर्च त्याच्या निम्म्याहून कमी. बाकी गाडीला. आपली गाडी एका युनिटला सात किलोमीटरच्या आसपास जाते, म्हणजे महिन्याला हजार किलोमीटर फिरलो तरी दीडशे युनिट. लोक बचत सांगताना सरासरी दर धरतात, ते बरोबर नाही. आपल्याकडे वापर वाढला की वरच्या स्लॅबचा दर लागतो. सोलर आधी तो वरचा, महागडा वापर कापतं. म्हणून ज्या घरात वापर जास्त, तिथे पैसे लवकर वसूल होतात.

पण वर्ष सारखं जात नाही. साताऱ्याचा पाऊस तुला ठाऊक आहे. जुलै-ऑगस्टमध्ये काही दिवस मीटर नुसता रखडतो. त्याची सोय नेट मीटरिंगमध्ये होते: जास्तीचे युनिट आपल्या खात्यावर जमा होतात आणि लागतील तेव्हा वजा होतात. आई उन्हाळ्यात कुरडया-सांडग्यांची बेगमी करते तशीच ही बेगमी. फक्त हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं, तेव्हा उरलेल्या युनिटांचे पैसे कमी दरानं मिळतात. म्हणून छतावर मावतील तेवढे पॅनल लावायच्या फंदात पडू नये, लागतील तेवढेच लावावेत.

आईनं घराची वेळ बदलली आहे, तेही कुणी न सांगता. कपड्यांचं मशिन, पाण्याची मोटर, घरघंटीवरचं दळण सगळं अकरा ते तीनमध्ये. जेवण झालं की मी गाडीला वायर लावतो. गाडी घेऊन पाचगणीला गेलो की परत येताना पसरणी घाटात आईची नजर पडद्यावर असते. उतारावर मोटर जनित्रासारखी चालून बॅटरी भरते आणि वाईत पोचेपर्यंत टक्का कमी व्हायच्या ऐवजी एखाद-दोन वाढलेला असतो. तिला दर वेळी तितकाच आनंद होतो.

तुझ्या सासऱ्यांना सोलर बसवायचंय म्हणालीस. त्यांना माझा निरोप दे, की सावली डिसेंबरात बघा. मे महिन्यात सूर्य दुपारी डोक्यावर असतो, आपल्याकडे दुसऱ्या आठवड्यात तर सावली पायाखाली जाते, तेव्हा छत मोकळं दिसतं. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो आणि पाण्याच्या टाकीची, शेजारच्या जिन्याच्या खोलीची सावली लांबलचक पडते. पॅनल एका माळेत जोडलेले असतात. एकावर सावली आली तर सगळ्या माळेचा प्रवाह खाली येऊ शकतो. पॅनल पुसायचे ते सकाळी, ऊन चढायच्या आधी. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये. बोअरचं जड पाणी असेल तर पांढरे डाग धरतात, त्यांना म्हणावं नळाचंच वापरा. आणि कडक उन्हात जास्त वीज ही समजूत पूर्ण खरी नाही, पॅनल तापला की वीज थोडी घटते. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चचे दिवस फार चांगले जातात.

लाइट गेली की सोलरही बंद पडतं, यावर त्यांचा आक्षेप आहे ना? बॅटरी नसलेल्या साध्या सोलरचं तसंच असतं, आणि ते तसंच असायला हवं. का ते सांगतो. वळवाच्या पावसात एकदा अकरा केव्हीच्या, म्हणजे अकरा हजार व्होल्टच्या, लाइनवर झाड पडलं. कामाचं परमिट घेतलं, खांबावरचा एबी स्विच उघडला, लाइन बंद. माझा जोडीदार वर चढून अर्थिंगची साखळी टाकत होता आणि साखळी लागताच ठिणगी उडाली. बाजारातल्या एका दुकानाचा जनरेटर चेंजओव्हरशिवाय, म्हणजे बाहेरची लाइन तोडणाऱ्या स्विचशिवाय, जोडलेला होता. त्याची वीज सर्व्हिस वायरनं उलटी डीपीत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये, शिरली, आणि डीपी उलटी चालली की दोनशे तीसचे हजारो व्होल्ट होऊन लाइनवर येतात. साखळी आधी टाकायची शिस्त होती म्हणून तो घरी गेला. आज गल्लीत दहा छतांवर सोलर असतं. लाइन मेली की पॅनलची वीज घराला आणि लाइनला देणाऱ्या प्रत्येक इन्व्हर्टरनं तत्क्षणी गप्प व्हायलाच पाहिजे, नाहीतर खांबावरच्या पोराचं काय होईल? लाइट नसताना घर चालवायचं असेल तर बॅटरी असलेला हायब्रिड इन्व्हर्टर मिळतो. तो महाग पडतो, पण लाइनपासून स्वतःला तोडून घेऊन मगच घराला वीज देतो.

आता तुमची कमिटी. त्यांना आगीची भीती वाटते आणि त्या भीतीला हसू नकोस. खालच्या मजल्यावरून एक्स्टेंशन बोर्ड ओढून गाडी चार्ज करणारे मी पाहिलेत. इस्त्री पाच मिनिटं चालते, गाडी पंधरा अँपिअर सात-आठ तास सलग ओढते. साधा प्लग त्यात वितळतो. तेव्हा कमिटीपुढे जाताना कामाचा कागद घेऊनच जा: तुमच्या स्वतःच्या मीटरवरून वेगळी लाइन, किमान चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, अंतर जास्त असेल तर त्याहून जाड, स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आला की तोडणारा) आणि आरसीसीबी (वीज गळाली की तोडणारा), पार्किंगमध्ये औद्योगिक सॉकेट, आणि पक्कं अर्थिंग. अर्थिंग नीट नसेल तर कित्येक गाड्या चार्जिंगच घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे. बिल तुमच्या मीटरवर येणार, सोसायटीवर बोजा नाही. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये घरच्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करायला परवानगी आहे, त्याची प्रत जोड. सोसायटीलाही गच्चीवर सामायिक वापरासाठी सोलर बसवायला सूर्यघर योजनेत किलोवॅटमागे १८ हजार अनुदान आहे आणि त्यात गाड्यांचं चार्जिंगही धरलंय. हे चेअरमनना वेगळं भेटून सांग. लिफ्ट आणि पाण्याच्या पंपाचं बिल कमी होतंय म्हटल्यावर सभेत सूर बदलतो.

तरी पॉइंट मिळाला म्हणून संध्याकाळी घरी आल्या आल्या वायर लावू नकोस. तुझ्या कंपनीच्या पार्किंगमध्ये चार्जिंग आहे, तिथे दिवसा लाव. ते जमणार नाही त्या दिवशी गाडीत वेळ लावून ठेव, मध्यरात्रीनंतर चालू होऊ दे. तुझं रोजचं जाणं-येणं चाळीसेक किलोमीटर, म्हणजे सहा युनिट. दोन-अडीच तासांचं काम. त्यासाठी मोठ्या बॅटरीची महागडी गाडी घ्यायचीही गरज नाही. पुणे-सातारा एकशे दहा किलोमीटर तर लहान बॅटरीवरही होतं, आणि इथे आल्यावर आपल्या छताची वीज आहेच.

एक काम कर. वीजबिलावर मंजूर भार छापलेला असतो, तो किती आहे ते बघ. तीन किलोवॅट असेल तर गाडीसाठी वाढवून घ्यावा लागेल, अर्ज ऑनलाइन होतो. आणि तुमच्या मीटररूमचे आणि पार्किंगपर्यंतच्या भिंतीचे फोटो मला पाठव. वायर कुठून न्यायची त्याचं रेखाटन मी करून देतो, ते घेऊन परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून अंदाजपत्रक काढा. सभेच्या आधी हातात हवं.

आईचे आशीर्वाद. मुलांना पापा.

तुझे,
बाबा